आम्ही लोखंड खातो

माझ्या भाच्याकडे सात क्रेडिट कार्डं आहेत. सातही पाकिटात मावत नाहीत म्हणून त्यानं ती चष्म्याच्या जुन्या घरात ठेवली आहेत. गेल्या वर्षी तो कार्डांवरच्या खर्चाला बँकेकडून मिळणाऱ्या पॉइंटांवर गोव्याला विमानानं जाऊन आला, आणि तेव्हापासून आमच्या घरात माझी किंमत उतरली.

"मामा, तुम्ही रोखीनं खर्च करता म्हणजे पैसे रस्त्यावर टाकता," असं तो हिच्यासमोर म्हणाला. ही ताबडतोब म्हणाली, "मी पंचवीस वर्षं हेच सांगतेय." (पंचवीस वर्षांपूर्वी ती वेगळ्या खर्चाबद्दल सांगत होती, पण ते असो.)

मग एका रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन बसला. "कार्ड खर्चाला साजेसं निवडायचं. तुमचा खर्च सांगा." हिनं हिशेबाची वही आणली. पहिली ओळ, दूध. दूधवाला महिन्याला रोख घेतो. बाद. कामवाल्या मावशींचा पगार बाद. भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोड आहे, पण तो त्यांच्या मुलाच्या खात्याचा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तरी ते दुकानदारालाच चालतं, माणसाला नाही. बाद. विम्याचा हप्ता? "बहुतेक कार्डांवर आता त्याला पॉइंट नाहीत, नाहीतर अगदी चिमूटभर." घरभाडं आम्ही देत नाही, आणि देत असतो तरी बाद. पेट्रोलला पॉइंट नाहीत पण कार्डानं भरल्यावर वर लागणारा अधिभार माफ, तोही साधारण चारशे रुपयांच्या वर भरलं तर. मी स्कूटरमध्ये दोनशेचं भरतो. चारशेचं भरलं तर ते बाहेर येतं.

"विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट नाश्ता मिळेल," भाचा म्हणाला. आमचा सगळा प्रवास स्वारगेट ते फलटण. स्वारगेटच्या फलाटावर वडापाव हातात घेऊन उभं राहायला कुठलंच कार्ड लागत नाही.

शेवटी वहीत एकच ओळ उरली: किराणा, महिना आठ हजार. भाच्याचे डोळे चमकले. किराण्यावर पाच टक्के परत देणारं कार्ड त्याला माहीत होतं. महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे! वार्षिक फी ४९९, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. हिनं हिशेब तोंडी केला आणि उरलेल्या पैशांत मिक्सर घ्यायचा हेही ठरवून टाकलं.

कार्ड आलं. काळंभोर, जड, लग्नपत्रिकेसारख्या खोक्यात. मी ते आमच्या वाण्याकडे नेलं आणि त्याच्या मशीनवर ऐटीत टेकवलं. महिनाअखेरीला बिल आलं. आठ हजारांवर पॉइंट: ५३.

कस्टमर केअरच्या मुलीला गाठायला चाळीस मिनिटं लागली, पण मुलगी गोड होती. "सर, तुम्ही किराणा घेतलेलाच नाही."

"म्हणजे? बाई, आम्ही महिनाभर जेवलोय!"

"सर, सिस्टिमला हार्डवेअर दिसतंय."

उलगडा भाच्यानं केला. प्रत्येक दुकानाच्या मशीनला चार आकडी कोड असतो. किराण्याचा ५४११, हार्डवेअरचा ५२५१. दुकानात काय विकलं ते बँक बघत नाही, ती कोड बघते. मी वाण्याकडे गेलो. तो गूळ फोडत होता. म्हणाला, "साहेब, आधी इथं वडिलांचं हार्डवेअरचंच दुकान होतं ना! खिळे गेले, मशीन राहिलं." बदलून घ्या म्हटलं तर म्हणाला, "त्याचे फॉर्म असतात," आणि गूळ तराजूत टाकला.

म्हणजे बँकेच्या दप्तरी आमचं चौघांचं कुटुंब दरमहा आठ हजारांचं लोखंड खातं. साधा दर दीडशे रुपयांना एक पॉइंट, पॉइंटाची किंमत पंचवीस पैसे. वर्षाचे ६३६ पॉइंट, रुपये १५९. ते वटवायची फी ९९ अधिक जीएसटी. हातात ४२ रुपये १८ पैसे. यातून वार्षिक फी वजा करायची, पण तिथं मी वही मिटली. हिनं ती पुन्हा उघडली आणि मिक्सरवर काट मारली. पेन जरा जोरातच दाबलं.

"मॉलमधून घ्या ना मामा किराणा," भाचा म्हणाला. एकदा गेलो. पाच टक्के मिळवायला निघालो आणि एक ट्रॅकपँट, सहा काचेच्या बरण्या आणि कोरियन शेवया घेऊन आलो. शेवया अजून आहेत.

उलट भाजीवाल्या मावशी न मागता मूठभर कोथिंबीर वर टाकतात. वटवायला फी नाही, मुदत फक्त संध्याकाळपर्यंत.

काल दुपारी बँकेतून फोन आला. आवाजात नवाच आदर. "सर, तुमचा खर्चाचा पॅटर्न बघितला. घराचं मोठं काम काढलेलं दिसतंय. बांधकामासाठी कर्ज देऊ का?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. ही पिशवी फोडून डब्यात तूरडाळ ओतत होती.

"काम जोरात चालू आहे," म्हटलं. "खडी आत्ताच उतरतेय."