‘जनरेटर आहे ना, मग आराखडा कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या बीड, लातूर, नांदेडकडच्या डॉक्टरांच्या, पतसंस्थांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: आपत्तीतही काम चालू ठेवायचा आराखडा ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे, सल्लागारांनी काढलेला धंदा आहे. छोट्या संस्थेला जनरेटर, विमा आणि क्लाउडवर डेटा एवढं पुरे. बाकीचं सरकार बघतं. आणि मराठवाड्यात पूर-भूकंप येतात कुठे?

माझी वहिनी सहा मशिनचं डायलिसिस केंद्र चालवते. तिने हा मेसेज मला पाठवून विचारलं, “भाऊजी, मग ते आराखड्याचं राहू द्यायचं का?” नाही, अजिबात राहू द्यायचं नाही. शाळा चार दिवस बंद राहिली तर अभ्यास मागे पडतो. डायलिसिस केंद्र चार दिवस बंद राहिलं तर माणसं दगावतात. म्हणून उत्तर डायलिसिस केंद्राच्याच अंगाने देतो. इतरांनी त्यातलं आपापल्या कामाला लागू पडेल ते घ्यावं.

“मराठवाडा म्हणजे दुष्काळ. पूर-भूकंप आपल्याकडे नसतात.”

हे वाक्य लातूरच्या ग्रुपवरही पुढे ढकललं जातंय, याचा खरोखर संताप येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हाच्या नकाशात तो भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 21 मार्च 2024 ला हिंगोली-नांदेडला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. पुराचं म्हणाल तर बीडमध्ये बिंदुसरेचा 1989 चा पूर, नांदेडला 2006 मध्ये घुसलेली गोदावरी आणि सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी आहेच. त्या वेळी परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. आणि दुष्काळ काय संस्थेला सोडून जातो? पाण्यावाचून बंद पडणारी संस्था पुराने बंद पडणाऱ्या संस्थेइतकीच बंद असते.

“जनरेटर असला की लाइट गेल्याची काळजी नाही.”

सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण तो खरा वाटतो.

आधी डिझेल. सहा मशिन, आर.ओ.चा (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा) पंप, एसी आणि दिवे मिळून 25 के.व्ही.ए.चा संच लागतो. पाऊण भारावर तो तासाला साधारण साडेचार-पाच लिटर डिझेल घेतो. अडचणीत तीनऐवजी दोनच शिफ्ट धरल्या, म्हणजे दिवसाला दहा तास चालवला तर 50 लिटर, तीन दिवसांना 150 लिटर. अतिवृष्टीत डीपी पाण्यात गेला की तीन दिवस लाइट नसणं यात नवल काहीच नाही. “पंपावरून आणू” हे उत्तर चालत नाही. पेट्रोल पंपाचं मशिनही विजेवर चालतं, आणि ओढ्याला पाणी असलं की टँकर पंपापर्यंत येत नाही. 200 लिटरचं एक बॅरल, हातपंप आणि गाळणी आवारात हवी. परवान्याची भीती घालणाऱ्यांनी पेट्रोलियम कायदा वाचावा. डिझेल ब वर्गात येतं. एकूण 2,500 लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. आगीपासून आणि रुग्णांपासून लांब ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साचून डिझेलमध्ये बुरशी धरते आणि फिल्टर नेमका गरजेच्या दिवशी तुंबतो. म्हणून बॅरलमधलं डिझेल सहा महिन्यांच्या आत वापरून नवं भरायचं, आणि शिल्लक फिल्टर कपाटात ठेवायचा.

मग संच सुरू होण्याचा प्रश्न. ऐन वेळी न सुरू होणाऱ्या जनरेटरचं नेहमीचं कारण इंजिन नसतं, बॅटरी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना जवळपास निम्मं होतं. दर आठवड्याला पाच मिनिटं रिकामा चालवून “चालू आहे” अशी वहीत नोंद करण्याला अर्थ नाही. महिन्यातून एकदा किमान अर्धा तास, क्षमतेच्या किमान 30 टक्के भार देऊन चालवायचा. सतत रिकाम्या चालणाऱ्या इंजिनात न जळलेलं डिझेल साचतं आणि खरा भार आला की ते धूर ओकून बसतं. अर्थिंगच्या खड्ड्यातही पाणी घाला. मे महिन्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आणि संच अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात बसवलेला असेल तर पुराच्या दिवशी पहिला तोच बुडेल. त्याचा ओटा मागच्या पुराच्या खुणेच्या वर हवा.

समजा, हे सगळं जागेवर आहे. तरी डायलिसिस चालेल का? पाणी नसेल तर नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊकच नाही. एका रुग्णाला मिनिटाला 500 मिलिलिटर प्रमाणे चार तासांत रक्त शुद्ध करणारं 120 लिटर द्रावण लागतं. आर.ओ. साधारण निम्मं पाणी बाहेर टाकतो, म्हणजे 240 लिटर झाले. मशिन धुणं-निर्जंतुक करणं धरून 300 लिटर. सहा मशिन, तीन शिफ्ट: दिवसाला 5,400 लिटर, म्हणजे रोज एक ट्रॅक्टर टँकर. बोअर आटला, नगरपालिकेचं पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, तर जनरेटर काय करणार?

टँकर आला तरी धोका संपत नाही. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे आर.ओ.च्या आधीचा कार्बन फिल्टर वर्षानुवर्षं कुणी बदललेला नसतो. टँकरवाला ब्लीचिंग पावडर टाकून आणतो. थकलेल्या कार्बनमधून ते क्लोरीन पुढे निसटतं, आर.ओ.चा पडदा खराब करतं आणि द्रावणातून रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून टँकरचं पाणी वापरताना प्रत्येक शिफ्टच्या आधी कार्बन फिल्टरनंतरचं पाणी एकूण क्लोरीनच्या पट्टीने तपासायचं. लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर रुग्ण जोडायचा नाही. पोहण्याच्या तलावाची पट्टी इथे चालत नाही, ती एवढं कमी प्रमाण दाखवतच नाही.

आता लाइट जाणं आणि जनरेटर लागणं यामधली ती मिनिटं. त्या वेळी रुग्णाचं पाव लिटरच्या आसपास रक्त मशिनच्या नळ्यांत असतं. मशिनची आतली बॅटरी धड असेल तर पंप पंधरा-वीस मिनिटं चालतो. नसेल तर पंप हाताने फिरवून रक्त परत द्यावं लागतं. त्यासाठी हँडल मशिनलाच अडकवलेलं हवं, कुलपातल्या ड्रॉवरमध्ये नाही. वीज गेली की शिरेकडच्या नळीवरचा चिमटा आपोआप बंद होतो. नळी त्यातून हाताने सोडवल्याशिवाय पंप फिरवला तर दाब वाढून नळी निसटते. फिरवायचं बाणाच्या दिशेने, संथ, आणि नजर नळीवर ठेवून, कारण हवेचा बुडबुडा पकडणारा सेन्सरही वीज गेल्यावर आंधळा झालेला असतो. हे रात्रपाळीच्या सिस्टरला अंधारात, टॉर्चच्या उजेडात करता आलं पाहिजे.

“विमा आहे, नुकसान भरून मिळतं.”

आगीच्या साध्या पॉलिसीत इमारत आणि यंत्रं येतात. बंद काळात बुडालेलं उत्पन्न येत नाही, त्यासाठी नफा-तोट्याचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. यंत्र आतून बिघडलं तर तेही वेगळं. आणि रुग्ण दुसऱ्या केंद्रात कायमचा गेला, तर तो कोणतीच कंपनी परत आणून देत नाही.

“डेटा क्लाउडवर आहे.”

असू दे, चांगलंच आहे. पण 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला जाळ्यातून तात्पुरतं वेगळं काढलं, आणि देशभरातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे ग्राहक पैसे पाठवण्यावाचून अडकले. त्या बँकांची स्वतःची काही चूक नव्हती. पतसंस्थांनी यातून धडा घ्यावा: रोजची एक प्रत संगणकापासून काढून ठेवलेल्या डिस्कवर, एक गावाबाहेर, आणि तिमाहीला एकदा ती प्रत खरोखर उघडून बघणं. सतत जोडून ठेवलेली पेनड्राइव्ह ही प्रत नव्हेच. हल्ल्यात तीही कुलूपबंद होते.

आपल्याकडे तर हल्ल्याचीही गरज नाही. रस्त्याच्या कामाचा जेसीबी फायबर तोडतो, टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, मग ओटीपी नाही, यूपीआय नाही, स्टाफचा ग्रुपही मुका. दोन कंपन्यांची कनेक्शनं एकाच खांबावरून आली असतील तर ती एकच समजा. डिझेल आणि टँकरपुरती रोख गल्ल्यात हवी, आणि रुग्णांची यादी कागदावर.

“मोठं संकट आलं की सरकार बघतं.”

बघतं, पण त्याच्या क्रमाने. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते 12 एप्रिलला. पहिल्या खेपेत 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं होतं. एवढ्या मोठ्या शहराच्या पिण्यापुढे तुमच्या आर.ओ.चे 5,400 लिटर कोण आधी मोजणार? ते ज्याचे त्यानेच टँकरवाल्याशी, विहीरवाल्याशी आधी ठरवून लिहून ठेवायचे असतात.

शिवाय सरकारकडून मिळणारी एक गोष्ट कुणी वापरतच नाही: हवामान खात्याचा जिल्हावार इशारा. 2012 मध्ये अमेरिकेत सँडी वादळाआधी ज्या रुग्णांचं डायलिसिस ठरल्या दिवसाआधी उरकलं होतं, त्यांचा नंतर अभ्यास झाला. वादळाच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी आली आणि पुढच्या 30 दिवसांतले मृत्यूही कमी दिसले. आपल्याला हे जसंच्या तसं करता येतं. जिल्ह्याला लाल इशारा आला की नदी-ओढ्यापलीकडच्या गावांतले रुग्ण त्याच दिवशी बोलवायचे. वेळ कमी असेल तर चारऐवजी अडीच-तीन तास करायचं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. प्रत्येकाला तीन दिवसांच्या पथ्याचा कागद आधीच द्यायचा: दिवसभरात सगळं मिळून अर्धा लिटर पाणी, केळी, टोमॅटो, शहाळं बंद. अडकलेला रुग्ण पोटॅशियम वाढून जातो, हे नातेवाइकांना कळलंच पाहिजे.

“आराखड्याची फाइल कपाटातच पडून राहते.”

इथे मेसेज अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतं. उतरवून काढलेल्या जाड फायली बघायला मिळतात. काहींत समुद्राच्या भरतीचं प्रकरण असतं, छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यासाठी. त्या निरुपयोगी आहेत. पण त्यावर उपाय आराखडा टाकून देणं हा नाही. आय.एस.ओ. 22301 हे या विषयाचं जागतिक मानक कोणत्याही आकाराच्या संस्थेसाठी आहे आणि त्यात रंगीत तालीम सक्तीची आहे.

वहिनीच्या केंद्राला चार पानं पुरतील. पहिल्यावर कोणतं काम किती तास थांबू शकतं ते. दुसऱ्यावर माणसं, प्रत्येक कामाला दोन नावं, आणि त्यातलं एक नदीच्या अलीकडे राहणारं. तिसऱ्यावर रुग्ण: गाव, शेजाऱ्याचा फोन, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं), रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस, कावीळ ब-क आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. हे रिपोर्ट नसतील तर दुसरं केंद्र रुग्णाला मशिनवर घेत नाही. त्या केंद्राशी लेखी बोलणं आधीच झालेलं हवं, आणि ते वेगळ्या रस्त्यावरचं हवं. चौथ्यावर डिझेल, फिल्टर, क्लोरीन पट्ट्या, डायलायझर (मशिनला लावायची रक्ताची गाळणी) यांचा साठा आणि तपासल्याची तारीख.

मग एखाद्या रविवारी, मशिनवर एकही रुग्ण नसताना, न सांगता मेन स्विच खाली करायचा. जनरेटर किती सेकंदांत लागला, हँडल किती वेळात सापडलं, कुणाला फोन लागला नाही, हे त्याच चार पानांवर लाल पेनाने लिहायचं आणि सोमवारी दुरुस्त करायचं.