टेरारिया, उभी कापलेली जमीन आणि चौकटींचा नाद

टेरारिया हा खोदायचा-बांधायचा, बाजूनं दिसणारा टूडी व्हिडिओ गेम. तो पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "हे काय, जुन्या टीव्ही गेमसारखं दिसतंय की." पुढचा प्रश्नही ठरलेला: "त्यापेक्षा थ्रीडीतलं माइनक्राफ्ट का नाही खेळत?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि ते नीट द्यायचं म्हणून ही पोस्ट. लांब झालीय, सवडीनं वाचा.

या गेममध्ये तिसरी मिती नाही, म्हणूनच त्यातली जमीन वाचता येते. थ्रीडी गेममध्ये भिंतीसमोर उभं राहिलात की पलीकडे काय आहे ते भिंत फोडेपर्यंत कळत नाही. टेरारियात अख्खी जमीन उभी कापून समोर ठेवलेली असते. घराचं छप्पर, आतली खोली, खालचं तळघर, त्याच्या बाजूची गुहा आणि गुहेतलं पाणी, सगळं एकाच नजरेत. तुमची चूकही तशीच उघडी दिसते. पाणी कुठून झिरपतंय, राक्षस कुठल्या भोकातून आत येतोय, हे शोधत फिरावं लागत नाही. ज्याला बांधायची हौस आहे त्याला यापेक्षा जास्त काय हवं?

गेम आला १६ मे २०११ ला, इंडियाना राज्यातल्या री-लॉजिक या छोट्या कंपनीचा. त्यानंतर २०१३, २०१५ आणि २०२० साली मोठमोठे अपडेट आले, सगळे फुकट. या जगाची जमीन चौकोनी तुकड्यांची, म्हणजे टाइलची असते. लहान जग ४२०० टाइल रुंद आणि १२०० टाइल उंच असतं, मोठं जग ८४०० बाय २४००. गेमच्या हिशेबानं एक टाइल म्हणजे दोन फूट, म्हणजे लहान जग साधारण अडीच किलोमीटर लांब आणि सव्वासातशे मीटर उंच. ऐकायला एवढंसं वाटतं. पण त्यातली प्रत्येक टाइल फोडता येते आणि फोडलेली बहुतेक टाइल दुसरीकडे लावता येते, हे लक्षात आलं की अडीच किलोमीटर पुरून उरतात. नवख्यानं लहान जगच घ्यावं. मोठ्या जगात निम्मा वेळ नुसतं चालण्यात जातो.

आता पहिल्या दिवसाचं गणित. अर्धे लोक इथंच कंटाळून गेम सोडतात, म्हणून जरा तपशिलात.

नवीन जग सकाळी सव्वाआठला सुरू होतं. गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, आणि रात्र लागते साडेसातला. म्हणजे हातात सव्वाअकरा मिनिटं. जवळ तांब्याची आखूड तलवार, कुदळ आणि कुऱ्हाड, बास. तेवढ्यात एक खोली उभी राहिलीच पाहिजे. सर्वांत आटोपशीर खोली बाहेरून १० रुंद आणि ६ उंच. भिंती, जमीन आणि छत मिळून २८ ब्लॉक, त्यातले तीन दारासाठी मोकळे सोडायचे. दाराला ६ लाकूड. आतली पोकळी ८ बाय ४, म्हणजे मागच्या भिंतीचे ३२ तुकडे. एका लाकडात ४ होतात, म्हणून ८ लाकूड. वर्कबेंचला (वस्तू बनवायच्या बाकाला) १०, खुर्चीला ४. टॉर्चला १ लाकूड आणि स्लाइम नावाचे लिबलिबीत राक्षस मारून मिळणारं १ जेल, त्यात तीन टॉर्च होतात. टेबल वेगळं करायची गरज नाही, वर्कबेंच टेबल म्हणून चालतो. एकूण ५४ लाकूड. पाच-सहा बऱ्यापैकी झाडं तोडलीत की काम होतं. तोडताना मिळालेल्या बिया लगेच परत लावा, नाहीतर घराभोवती उजाड माळ होतो.

खोली बांधूनही व्यापारी, नर्स अशी गेममधली माणसं राहायला येत नाहीत, ही नवख्यांची पहिली तक्रार. कारणं जवळजवळ ठरलेली असतात. डोंगरात खोदून खोली केली आणि मागची नैसर्गिक मातीची भिंत तशीच ठेवली, तर ती भिंत धरली जात नाही. ती हातोड्यानं काढून स्वतःची लावावी लागते. मागच्या भिंतीत मोठं भोक राहिलं असेल, तरी खोली नापास. दिवा नसला किंवा खोली ६० टाइलपेक्षा लहान झाली, तरी तेच. अंदाज करत बसू नका. इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाची यादी उघडून घरांच्या यादीत प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते खोलीवर दाबलं की काय कमी आहे ते गेम स्वतः सांगतो. खोली पास झाली तरी व्यापारी यायला तुमच्याकडे ५० चांदीची नाणी साठावी लागतात, आणि नर्स तुम्ही निदान एक लाइफ क्रिस्टल (जीव वाढवणारा स्फटिक) वापरल्याशिवाय येत नाही. घर तयार ठेवून वाट बघणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही.

माइनक्राफ्टवरून आलेली मंडळी आणखी एका ठिकाणी फसतात. तिथं उजेड केला की राक्षस उगवत नाहीत, म्हणून ते इथंही गुहाभर टॉर्च लावत सुटतात आणि मग मार खातात. टेरारियात उजेडाचा राक्षस उगवण्याशी संबंध नाही. ते थांबतात दोन गोष्टींनी: तुम्ही स्वतः लावलेली मागची भिंत, आणि आसपास वस्ती. तीन रहिवासी जवळ राहायला आले की साध्या वेळी तिथं त्रास जवळपास संपतो. म्हणजे घर बांधणं ही नुसती सजावट नाही, तेच संरक्षण. मला या गेमची सर्वांत हुशार रचना हीच वाटते: सुरक्षित व्हायचं असेल तर गाव वसवा.

गावाचेही नियम आहेत. २०२० च्या अपडेटपासून रहिवाशांना आवडीनिवडी आल्या. एकच उंच चाळ बांधून सगळ्यांना एकावर एक कोंबलंत, तर तक्रारी सुरू होतात आणि दुकानातले भाव चढतात. २५ टाइलच्या आत तीनपेक्षा जास्त शेजारी झाले की गर्दी मानली जाते. दोघादोघांची, तिघातिघांची वस्ती वेगवेगळ्या प्रदेशात करायची. माणसं खूश असली की ती पायलॉन विकतात आणि दोन पायलॉनमध्ये क्षणात ये-जा करता येते. मात्र प्रत्येक पायलॉनजवळ दोन रहिवासी हवेत, नाहीतर तो बंद. शस्त्रं विकणाऱ्याला वाळवंट आवडतं, बर्फ आवडत नाही आणि शेजारी नर्स असेल तर स्वारी एकदम खूश. एप्रिलमधला सोलापूरकर त्याला शोभून दिसेल, पण ते असो.

खोदण्यात खरी मजा आहे आणि घातही. वरून थेट तळापर्यंत सरळ उभा बोगदा पाडायचा, हा प्रकार प्रत्येक जण कधीतरी करतोच. पात्र दोन टाइल रुंद असतं, म्हणून बोगदा निदान चार टाइल रुंद ठेवा, नाहीतर कडेला अडकत उतरावं लागतं. २५ टाइलपर्यंत पडलात तर काही होत नाही, पुढच्या प्रत्येक टाइलला १० इजा. सुरुवातीला जीव १०० असतो, म्हणजे ३५ टाइलवरून पडलात की खेळ खल्लास. तळाशी पाणी साठवून वाचू म्हणाल तर अगदी खालच्या अंडरवर्ल्डमध्ये पाणी टिकत नाही, वाफ होऊन जातं. दोर सोडत उतरणं सर्वांत बिनधोक. पडता पडता दोर पकडला तरी पडणं थांबतं. तळ्याखालून बोगदा काढू नका. पाणी आत शिरलं की वाटेतले टॉर्च वाहून जातात आणि अंधारात सगळं पुन्हा लावत बसावं लागतं.

खोदकामातही पायरी चुकवता येत नाही. भट्टीला २० दगड, ४ लाकूड आणि ३ टॉर्च. लोखंडाच्या एका कांबीला ३ खनिज, ऐरणीला ५ कांबी. डेमोनाइट, हेलस्टोन, कोबाल्ट ही एकापेक्षा एक कठीण खनिजं. सोन्याच्या कुदळीनं डेमोनाइट फुटतं, पण हेलस्टोन फुटत नाही. त्याला पुढची कुदळ लागते. हेलस्टोनची कुदळ हातात आल्याशिवाय कोबाल्टला हात लावता येत नाही. गेम कुठं थांबवत नाही, नुसती कुदळ टणटण वाजते. काहींना याचा राग येतो, मला ते योग्य वाटतं. जमिनीत काय दिसतंय आणि आपल्याला काय मिळू शकतंय यातलं अंतरच माणसाला पुढे खेचतं.

एक काम मात्र वॉल ऑफ फ्लेश हा मोठा राक्षस मारायच्या आधीच उरका. तो मेला की हार्डमोड, म्हणजे गेमचा अवघड टप्पा सुरू होतो आणि जमिनीला लागलेली कीड झपाट्यानं पसरायला लागते. ती तीन टाइलपर्यंत उडी मारते, म्हणून गावाच्या आणि जंगलाच्या दोन्ही बाजूंना सहा टाइल रुंद उभे चर वरपासून खालपर्यंत पाडून ठेवावेत. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. नाही केलं तर पुढे गाव सोडायची वेळ येते, कारण किडलेल्या जमिनीवर रहिवासी राहत नाहीत.

आता बांधकाम, म्हणजे माझ्या मते या गेमचा गाभा.

आपल्या चादरीचं जॅकार्ड डिझाइन कसं तयार होतं ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरून मोर काढायचा, मग ओळीओळीनं कार्डं पंच करायची. आता बऱ्याच ठिकाणी ते संगणकावर होतं, पण चौकट सुटलेली नाही. चौकटीत गोलाई नसते, ती पायऱ्यापायऱ्यांनी भासवायची असते. मोराची मान दोन उभ्या, एक आडव्या अशा टप्प्यांनी वळवली तरच ती मान वाटते, टप्पे सारखे पडले की नुसता जिना दिसतो. टेरारियात कमान किंवा शिखर बांधताना नेमकं हेच करावं लागतं. तीन-तीन, मग दोन-दोन, मग एक-एक, असे टप्पे आखडत आणले की रेष वळते. वर हातोडा आहेच: ब्लॉकवर मारत गेलं की तो अर्धा होतो किंवा चारपैकी एका दिशेला तिरपा. नवखे सगळीकडेच तिरपे ब्लॉक लावतात आणि इमारत साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. तिरपा ब्लॉक फक्त टप्पा बदलतो तिथं.

गेममध्ये विणायचा मागही आहे, बरं का. सॉमिलवर (लाकूडकामाच्या यंत्रावर) १२ लाकडांत होतो. कोळ्याची ७ जाळी घातली की एक रेशीम. पलंगाला १५ लाकूड आणि ५ रेशीम, म्हणजे ३५ जाळी. पलंगावर मुक्काम ठरवला की मेल्यावर तिथूनच सुरुवात होते.

सरावाला एक बांधकाम सुचवतो: आपलं सोलापूरचं सिद्धेश्वराचं तळं. बाजूनं कापून बघायला याइतकं सोयीचं ठिकाण शोधून सापडणार नाही. डावीकडे भुईकोट किल्ल्याचा तट आणि बुरूज, मग पाणी, मधे मंदिर, परत पाणी. तळं १२० टाइल रुंद आणि ८ खोल धरा, मधला मंदिराचा भाग ४० टाइल. उरलं ८० गुणिले ८, म्हणजे ६४० टाइल पाणी. एका बादलीत एक टाइल पाणी मावतं आणि बादलीला ३ लोखंडी कांबी लागतात. ६४० खेपा कोण घालणार? शेजारच्या नैसर्गिक तळ्यातून चर काढून पाणी आणता येतं, पण पाणी आहे तेवढंच असतं. इकडची पातळी चढली की तिकडची उतरते. म्हणून आधी स्रोत मोजा, मग खड्डा खणा. मोठं काम असेल तर मेकॅनिक या रहिवाशाकडून वायर आणि दोन पंप घेऊन एक सेकंदाच्या टायमरवर चालवा. ही मेकॅनिक डंजन नावाच्या भुयारी किल्ल्यात अडकलेली असते, आणि डंजन उघडायला आधी स्केलेट्रॉन हा राक्षस मारावा लागतो.

पाणी गळतं ते बहुतेक एकाच कारणानं: तळाला ब्लॉकऐवजी मागची भिंत लावलेली असते. भिंत दिसायला दगडी असली तरी पाणी अडवत नाही. प्लॅटफॉर्म, म्हणजे उभं राहायच्या पातळ फळ्याही अडवत नाहीत. पाण्याखाली साधा टॉर्च लागत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळची रोषणाई करायची तर तळाशी जेमस्पार्क ब्लॉक लावा, ते पाण्यातही उजळतात. मंदिराची रुंदी विषम आकड्यात ठेवा, ३१ किंवा ३३, नाहीतर दार आणि कळस एका रेषेत येत नाहीत. तटाची भिंत सपाट सोडू नका, दर सात-आठ टाइलला एखादा ब्लॉक बाहेर काढा किंवा रंग एक छटा गडद करा. खोलपणा भासवायला दुसरं साधन इथं नाहीच.

ज्याला फक्त बांधायचंय त्यानं सरळ जर्नी मोड घ्यावा. एका जातीचे १०० ब्लॉक रिसर्चला दिले की ते हवे तेवढे मिळतात, वेळ थांबवता येतो आणि कीड पसरणंही बंद करता येतं. फक्त जर्नीतलं पात्र साध्या जगात नेता येत नाही, हे आधीच ठरवून घ्या. याला फसवणूक म्हणणारे आहेत. त्यांनी ६४० बादल्या वाहाव्यात.

याच जातीचे इतर गेम थोडक्यात. स्टारबाउंड २०१६ साली पूर्ण झाला. ग्रहाग्रहावर फिरणं छान, पण जमीन खोदायची ओढ तिथं लवकर संपते. नोइटात प्रत्येक पिक्सेल जळतो, वितळतो, वाहतो, मात्र घर बांधायला जाऊ नका. ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड वेगळ्याच वाटेचा: कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, हायड्रोजन वर चढतो, आणि अख्खी वसाहत उभी कापून दाखवलेली असल्यामुळे हे डोळ्यांनी दिसतं. तिथला खरा शत्रू उष्णता. इलेक्ट्रोलायझरमधून (पाण्यापासून ऑक्सिजन करणाऱ्या यंत्रातून) निघणारा ऑक्सिजन निदान ७० अंशांचा असतो आणि मीलवूडचं पीक ३० अंशांच्या वर वाढत नाही, त्यामुळे थंड करायची सोय न करता यंत्रं लावली की शेती बसते. उन्हाळ्यात कूलर लावून हा गेम खेळणं म्हणजे घरीदारी एकच विषय.

टेरारिया जुन्या लॅपटॉपवर चालतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि सेलमध्ये बऱ्याचदा निम्म्या किमतीला मिळतो, तेव्हा घाई करू नका. दोघं-तिघं एकाच वायफायवर असतील तर एकानं होस्ट करायचं, बाकीच्यांनी त्याचा आयपी टाकायचा, पोर्ट ७७७७. जोडलं जात नसेल तर होस्टच्या विंडोज फायरवॉलमध्ये आधी बघा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मोठं काम झालं की सेव्ह अँड एक्झिट करून परत आत या, कारण ऑटोसेव्ह दर क्षणाला होत नाही आणि लाइट गेली की मधलं बांधकाम जातं. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात टेरारिया, त्यात वर्ल्ड्स आणि प्लेयर्स असे दोन फोल्डर आहेत. दोन्ही पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, एकटं वर्ल्ड्स नेलं तर तळं राहील आणि पात्र जाईल.