कानाच्या मशीनचा सेल

आमच्या बाबांच्या कानाच्या मशीनला नारिंगी खुणेचा, 13 नंबरचा सेल लागतो. तालुक्याला मिळतच नाही, अमरावतीहून मागवा. इथला मेडिकलवाला घड्याळाचा सेल पुढे करतो अन् वरून म्हणतो, "साइज तर सारखीच आहे ना भाऊ!" अरे, मशीनचा सेल झिंक-एअरचा, म्हणजे जस्त अन् हवेवर चालणारा आहे. वरचं स्टिकर काढलं की भोकातून हवा आत शिरते आणि तो चालू होतो. स्टिकर परत लावलं तरी खर्च थांबत नाही, म्हणजे वाचवून वापरायचीही सोय नाही. त्यात मे महिन्यातली आमची कोरडी हवा! सेलच्या आतला ओलावाच आटतो. आता त्यालाही कूलरसमोर बसवू का?

सगळ्यात डोक्यात जातो तो सेल संपत आल्याचा मशीनचा इशारा. हे सेल शेवटपर्यंत ठणठणीत असतात, मग एकदम मान टाकतात. टुंग-टुंग वाजलं की थोड्याच वेळात मशीन गप्प. तेही नेमकं बँकेच्या खिडकीवर, नाहीतर डॉक्टर गोळ्या सांगत असताना. आणि बाबा डाफरणार माझ्यावरच, "काहून रे, तोंडातल्या तोंडात बोलून राह्यला?"