पाच शेंगदाणे आणि १३-१०

लेन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, आमच्या बिल्डिंगसमोर एक बुटकी भिंत आहे. कोलंबसमधला आमचा कट्टा तोच. परवा मंदारने फोनवर अमेरिकन फुटबॉलच्या एका कॉलेज मॅचची जुनी चर्चा लावली आणि मी तडकलो.

३० नोव्हेंबर २०२४. मिशिगन १३, आपलं ओहायो स्टेट १०. तेही आपल्या मैदानावर. फोनमधले चार तज्ज्ञ सांगत होते, मिशिगनला जिंकायची भूक जास्त होती.

"बंद कर ते," मी म्हणालो. "भूक कुठल्या खेळीत दिसली, ते एकाने तरी दाखवलं का?"

"खोटं काय आहे त्यात?" सुहास म्हणाला. "ओळीने चौथा पराभव होता. २०२१पासून मिशिगन समोर आलं की आपली पोरं बिचकत होती."

अश्विनीच्या डब्यात चिवडा होता. त्यातले पाच दाणे मी भिंतीवर ओळीने मांडले. "ही आपली ऑफेन्सिव्ह लाइन, बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारे पाच जण. ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्स दुखापतीने बाहेर गेला." कडेचा दाणा उचलला. "मग त्याच्या शेजारचा डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन सरकवला टॅकलला. नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅकलॉक्लिनही जायबंदी झाला." मधलाही उचलला. "समोर मधोमध कोण? मिशिगनचे तगडे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. आणि आपण पुन्हा पुन्हा याच भगदाडात बॉल घेऊन घुसलो. बॉल घेऊन एकूण २६ वेळा धावलो, मिळाले ७७ यार्ड!"

"म्हणजे कोच रायन डेची चूक," मंदार म्हणाला.

"चूकच. मिशिगनचा सगळ्यात चांगला कॉर्नर, म्हणजे पास झेलणाऱ्यांना रोखणारा, विल जॉन्सन, त्या दिवशी खेळत नव्हता. आपल्याकडे पास झेलायला जेरेमाया स्मिथ आणि इग्बुका. तरी बॉल मधूनच! रायन डेला शिव्या घाला, पण नेमक्या कशासाठी ते तरी सांगा. 'हकालपट्टी करा' एवढंच ओरडण्याला विश्लेषण म्हणायचं?"

अश्विनी म्हणाली, "अरे, दोन जाहिरातींमध्ये त्यांना जेमतेम मिनिट मिळतं."

"मला किती लागलं आत्ता?"

ती दाण्यांकडे बघत राहिली.

खरं सांगतो, मला हरल्याचं दुःख होतंच. पण त्या रात्री मी चॅनलमागून चॅनल फिरवत होतो, कुणीतरी नीट समजावून सांगेल म्हणून. सगळीकडे भूक, जिगर, दडपण. तीन आठवड्यांनी टेनेसीला ४२-१७ धुतलं, मग ओरेगन, टेक्सस, आणि शेवटी नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हा म्हणे पोरं पेटून उठली! अरे, टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासून बॉल लांब टाकला, स्मिथने दोन टचडाउन केले. लाइन तीच, डागडुजी केलेली. बदलला तो बेत.

"पण भीती नव्हतीच असं नाही," सुहास हटेना. "मिशिगनसमोर इंटरसेप्शनची, म्हणजे आपला पास त्यांनी झेलण्याची धास्ती, म्हणून डेने सेफ खेळ धरला असेल. भीती कोचच्या डोक्यात असू शकते ना?"

हे मला पटलं. आपल्या पास टाकणाऱ्या हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन झालेही त्या दिवशी. "बघ, हे बोललास ते विश्लेषण. भीतीमुळे कुठली खेळी निवडली, तिथपर्यंत आलास तू. त्या चौघांतला एकही आला नाही."

सुहासने डब्यातून आणखी एक दाणा काढला आणि ओळीच्या डाव्या टोकाला ठेवला. "इथे जादा टाइट एंड, अडवायला आणखी एक गडी, उभा केला असता तर ग्रॅहमवर डबल टीम, म्हणजे एकावर दोघे, मिळाली असती?"

"मधे नाही मिळणार. सरक जरा," म्हणत मी मिशिगनचे चार दाणे समोर मांडायला घेतले.