येणारं येतंय, जाणारं जात नाही

मंगळवारी रात्री नऊ ते पावणेदोन मी एक मेल पाठवत होतो. एक! दिवाळी अंकाची तपासलेली प्रुफं, स्कॅन केलेली, सकाळी आठला छापखान्यात हवी होती. संपादक जुन्या वळणाचे. वॉट्सॅपवर टाकतो म्हटलं की "मेलच करा हो, तिथलं नंतर सापडत नाही" म्हणणार. खरंच सापडत नाही, त्यामुळे वादही घालता येत नाही.

मूळ घोळ शनिवारचा. आमच्या होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे आमच्या मेलला सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीनं, सर्व्हर बदलला (नाव घेत नाही, घेऊन सर्व्हर सुधारणार आहे थोडाच) आणि सगळ्यांना पासवर्ड नव्याने ठेवायला लावला. ठेवला. कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅमनं तो मागितला, दिला, आणि दोन दिवसांच्या तुंबलेल्या मेल धडाधड आल्या, कुठल्याशा गाद्यांच्या सेलसकट. मला वाटलं, झालं काम. इथंच माणूस फसतो! आपल्या लेखी ते एक खातं असतं, प्रोग्रॅमच्या लेखी दोन. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्याचा एसएमटीपी (मेल पाठवायच्या पद्धतीचं नाव) वेगळा. त्याचं युजरनेम वेगळं लिहिलेलं, त्याचा पासवर्ड वेगळा साठवलेला. म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप बदललं म्हणून आपण निवांत, आणि मागचं दार जुनीच किल्ली मागत उभं.

सेंड दाबलं. पट्टी अर्ध्यावर गेली, थबकली, खिडकी उघडली: लॉगिन अयशस्वी, पासवर्ड टाका. टाकला. तीच खिडकी. एकेका अक्षरावर बोट ठेवून टाकला. तीच. नोटपॅडमध्ये लिहिला, चष्मा पुसून वाचला, कॉपी करून चिकटवला. तीच! साठवलेले सगळे पासवर्ड पुसून, प्रोग्रॅम बंद करून, पुन्हा उघडून टाकला. सांगायला नकोच.

जीमेलवरून पाठवून टाकायची की, म्हणाल. पाठवली. पावणेदहालाच पाठवली. पण तोवर मी इरेला पेटलो होतो.

त्या खिडकीत एक आकडा असतो, ५३५. सर्व्हरच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की ओळख पटली नाही. नाव चुकलं की पासवर्ड, हे तो मुद्दामच सांगत नाही, चोराला धागा मिळू नये म्हणून. मान्य. पण मधल्या या शहाण्या मेल प्रोग्रॅमला कुणी सांगितलं पासवर्डच मागायला? सर्व्हर म्हणतो "ओळखत नाही", आणि हा आपल्याला येऊन सांगतो "पासवर्ड नीट टाक". आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि मी चार तास सोमेश्वरी पाणी मारत बसलो.

मग सेटिंगमध्ये शिरलो. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ५८७ आणि स्टार्टटीएलएस होतं, ते ४६५ आणि एसएसएल केलं (दोन्ही कनेक्शन सांकेतिक करायच्या पद्धती). एकदा घाईत ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं तर पट्टी हलेचना. वास्तविक ५३५ आलं याचा अर्थ आपण सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलोय, म्हणजे पोर्ट ठीकच आहे. पण हे शहाणपण रात्री अकराला सुचत नाही. खाली आणखी एक खोडा: 'नॉर्मल पासवर्ड' की 'एन्क्रिप्टेड पासवर्ड'? कुठलाही शहाणा माणूस एन्क्रिप्टेड निवडेल. तेच चूक! बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे ती जुनी पद्धत चालतच नाही, आणि अख्खं कनेक्शनच टीएलएसच्या सांकेतिक आवरणात गुंडाळलेलं असलं की नॉर्मलच बरोबर. अरे, मग नाव तरी असं ठेवू नका ना की निवडताना हात थरथरावा.

साडेअकराला मेल यायच्याही बंद झाल्या. माझ्या पासवर्डांच्या भडिमाराला सर्व्हर हल्ला समजला आणि त्यानं माझा आयपीच, म्हणजे माझ्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ताच, ब्लॉक केला. हे कळलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडल्यावर. तिथून येणाऱ्या पुन्हा सुरू, जाणारीचं घोडं तिथंच पेंड खातंय.

चोवीस तासांच्या मदतसेवेला फोन लावला. वीस मिनिटं संगीत.

"सर, वेबमेलवरून जातंय का?"

"जातंय."

"मग आमच्या साइडनं ओके आहे, सर. एकदा रिस्टार्ट करून बघा."

तक्रार मात्र नोंदवून घेतली हो त्यांनी, नंबरसकट.

एसएमटीपीचे नियम पहिल्यांदा ठरले १९८२ साली, आणि त्यात पाठवणाऱ्याला 'तू कोण' विचारायची सोयच नव्हती. कुणीही यावं, पत्र टाकावं, जावं. नाव-पासवर्ड विचारायचं कलम १९९९ साली आलं. वर लावलेलं ठिगळ आहे ते, आणि वागतंही तसंच.

पावणेदोनला, रद्द दाबायच्या आधी, त्या खिडकीतलं वाक्य मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. "'इन्फो' साठी पासवर्ड टाका." नुसतं इन्फो. पुढे ना ॲट, ना डोमेन. जुना सर्व्हर तेवढ्यावर भागवून घ्यायचा, नव्याला अख्खा पत्ता लागतो. येणाऱ्या बाजूला मी कधीकाळी अख्खा भरला होता, जाणाऱ्या बाजूला नाही. आणि ते युजरनेम या खिडकीत बदलता येत नाही! त्यासाठी खात्यांच्या यादीत पार तळाला जायचं, सगळ्यांच्या खाली, तिथं 'आउटगोइंग सर्व्हर' म्हणून एक ओळ असते. तिथं पत्ता पुरा केला. सेंड. पट्टी सरकली आणि गेली. पाच सेकंदांचं काम.

झोपलो. सकाळी साडेदहाला मोबाइलवर एसएमएस: "आपल्या तक्रारीनुसार मेलबॉक्सचा पासवर्ड रीसेट केला आहे. नवीन पासवर्ड आपल्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवला आहे."

नोंदणीकृत ईमेल कुठला? तोच!