खटक्यावर बोट

परवा कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानातून मी 42 पानं प्रश्नचिन्हं विकत आणली. पानाला 10 रुपये, एकूण 420. आकडा मी ठरवलेला नाही.

मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर जुन्या फॉन्टात होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल अशा अक्षरांत, करून हवा होता, बास. कन्व्हर्टरमध्ये वरच्या चौकटीत जुनं टाकायचं, खालच्या चौकटीत नवं येतं. पहिल्या फटक्यात 'मिरजकर तिकटी' या चौकाचं 'िमरजकर ितकटी' आलं, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी आधी आणि अक्षर मागनं, युनिकोडला नेमकं उलटं लागतं. पण दुकानातलं पोरगं हुशार, कुठंतरी एक टिक केली आणि तिकटी जाग्यावर आली.

घात बाकावरच्या पावण्यांनी केला. लग्नपत्रिकेचं प्रूफ मांडीवर, गालात मावा, आणि घाई त्यांना नव्हे तर त्यांच्या बोटांना. "माऊस काय धरतोस भावा, माऊस म्हंजे म्हाताऱ्याची काठी. कंट्रोल ए मार. आता सी. नोटपॅड उघड, व्ही. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" पोरगं मारत सुटलं. मी दोनदा "अहो, जरा थांबा" म्हणालो, पण कोल्हापुरात फुकट सल्ला देणाऱ्याला अडवणं म्हणजे मिसळीत साखर मागणं.

सेव्ह करताना एन्कोडिंगला, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीला, 'एएनएसआय' होतं, ज्यात मराठी मावत नाही. नोटपॅडनं रीतसर पाटी दाखवली की असं सेव्ह केलंत तर युनिकोडची अक्षरं जातील. पोरगं वाचायला लागलं तर पावणं म्हणाले, "ते काय वाचालायस, सगळ्यांनाच येतंय ते. एंटर!" जुन्याच नावानं सेव्ह करू का? "यस मार!" वर शोभेला ऑल्ट एफ फोर, म्हणजे खिडकीच बंद.

परत उघडलं तर ?????????.

हे 'कोल्हापूर' होतं. बोलायला चार अक्षरं, पण युनिकोड प्रत्येक काना, मात्रा, उकार, हलन्त वेगळा मोजतं, म्हणून नऊ. स्वल्पविराम मात्र सगळे शाबूत! दिवंगत सभासदांची अख्खी यादी प्रश्नचिन्हांची, मधी मधी स्वल्पविराम, आणि खरं सांगतो, तिथं मला हसू आलं नाही. ती यादी मी दोन महिने घरोघर फिरून केलेली. मूळ फाईल घरच्या कॉम्प्युटरवर आहे म्हणून ठीक, नाहीतर कुणाच्या दारात परत उभं राहणार होतो?

कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं परत फिरवणं? ते बंद करायच्या आधी असतं.

मालक म्हणाले, कन्व्हर्जन तर झालंय, पानं मोजून घ्या. मोजली, 42 भरली. पावण्यांचं म्हणणं, "स्मरणिका कोण वाचतंय ओ, फोटो बघत्यात." हे खरं असेल, म्हणूनच जास्त लागलं.

पैसे देऊन पेनड्राइव्ह उपसायला वाकलो तर मागनं आवाज आला, "ओ ओ, आधी इजेक्ट करा! डेटा जातोय तसा."