‘दोन कंस बदलले की झालं’ म्हणे!

वेब डेव्हलपर मंडळींत एक सल्ला सारखा फिरतो: ‘युजरने लिहिलेल्या मजकुरातले स्क्रिप्ट टॅग काढा, < आणि > बदला, तेच डेटाबेसमध्ये ठेवा. मग इनरएचटीएमएलने कुठेही दाखवा, धोका नाही.’ (धोका हा, की युजरने मजकुरात लपवलेला कोड दुसऱ्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. स्क्रिप्ट टॅग म्हणजे पानात कोड घालायची खूण; इनरएचटीएमएल म्हणजे मजकूर एचटीएमएल समजून पानात भरणारी जावास्क्रिप्टची सोय; ‘बदला’ म्हणजे < ऐवजी ‘&एलटी;’ असा चिन्हाचा कोड ठेवा.) या सल्ल्यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

‘स्क्रिप्ट टॅग काढा.’ इनरएचटीएमएलमधून आत गेलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर मुळात चालवतच नाही. चालतो तो इमेज टॅगचा ऑनएरर, म्हणजे चित्र आलं नाही तर चालवायचा कोड: चित्राचा पत्ता मुद्दाम चुकीचा द्यायचा, चित्र येत नाही, कोड धावतो. शब्द गाळणारी चाळणीही गळकीच. २००५ साली मायस्पेस हे सोशल नेटवर्क ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळायचं. सॅमी कामकार या प्रोग्रामरने शब्दाच्या मधोमध नवी ओळ घातली, चाळणीला तो ओळखू आला नाही, आणि त्याचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) दिवसभरात १० लाखांहून जास्त प्रोफाइलांवर पोचला.

‘< आणि > बदला.’ परिच्छेदातल्या मजकुरापुरतं निभावतं. पण तोच मजकूर इनपुटच्या (फॉर्ममधल्या रकान्याच्या) व्हॅल्यूमध्ये गेला, तर युजर " टाकून व्हॅल्यूभोवतीचं अवतरण बंद करतो, पुढे ऑनफोकस (रकान्यात कर्सर आला की चालणारा कोड) लिहितो, आणि एकही कंस न वापरता आत शिरतो. म्हणून & < > " ' ही पाचही चिन्हं बदलायची. & सगळ्यात आधी; तो शेवटी घेतलात तर आधीच्या बदलांतले & पुन्हा बदलतात आणि वाचकाला < ऐवजी ‘&एलटी;’ दिसतं. जावास्क्रिप्टच्या रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली तर फक्त पहिलं चिन्ह बदलतं, तेव्हा रिप्लेसऑल वापरा. डिव्ह या पानातल्या चौकटीत टेक्स्टकंटेंटने (मजकूर निव्वळ मजकूर म्हणून भरणारी सोय) मजकूर भरून त्याचं इनरएचटीएमएल परत वाचायची युक्ती दोन्ही अवतरणचिन्हं तशीच सोडते. (जुनं एस्केप() हे फंक्शन तर या कामाचंच नाही. ते ‘मराठी’चे टक्क्याच्या खुणांसकट तुकडे करून देतं.)

‘तेच डेटाबेसमध्ये ठेवा.’ मग ‘जोशी & सन्स’ एसएमएसमध्ये आणि एक्सेलमध्ये ‘जोशी &एएमपी; सन्स’ होऊन जातात. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा, बदल दाखवताना करा.

‘कुठेही दाखवा.’ लिंकमध्ये पाचही चिन्हं बदलून उपयोग नाही. ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा पत्ता क्लिक केला की कोड चालवतो, आणि त्यात त्यांतलं एकही लागत नाही. पत्त्याचा यूआरएल ऑब्जेक्ट बनवून त्याचा प्रोटोकॉल (पत्त्याचा ‘:’पर्यंतचा पहिला भाग) तपासा. एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस नसेल तर लिंक बनवूच नका.

साध्या मजकुराला मुळात इनरएचटीएमएल लागतच नाही, टेक्स्टकंटेंट पुरतं. बरेच जण तिथून मागे फिरतात ते युजरच्या ओळी एकमेकींना चिकटतात म्हणून, आणि ओळ तोडणारा बीआर टॅग घुसवायला पुन्हा इनरएचटीएमएलकडे येतात. सीएसएसमध्ये (पानाच्या मांडणीच्या नियमांत) व्हाइट-स्पेसला प्री-रॅप द्या, ओळी जागच्या जागी राहतात.